कॅलरीचा काटा

"बघ, सहाशे गेल्या," दाजींनी मनगट माझ्यापुढं धरलं. "एक मिसळ खाल्ली तरी दोनशे शिल्लक ऱ्हातात."

सकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेतून निघून व्हीनस कॉर्नर, दसरा चौक ओलांडून रंकाळ्यावर गेलो होतो आणि काठाकाठानं चालून परत पेठेत आलो होतो. दोघांच्याही पाठी घामानं भिजल्या होत्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दीड वर्षापूर्वी त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा लेकीनं पुण्याहून हे घड्याळ पाठवलं. माणूस शिस्तीचा. पहाटे उठून चालू लागले, लिफ्ट सोडून जिना धरला, रात्री जेवण झालं की वही काढून दिवसाचा जमाखर्च मांडू लागले. एका रकान्यात खाल्लेल्या कॅलरी, दुसऱ्यात घड्याळानं दाखवलेल्या जळालेल्या. वहीत रोज खर्च जास्त आणि जमा कमी. तरी तीन महिन्यांनी काट्यावर उभे राहिले, तर वजन दोन किलोंनी वाढलेलं.

त्या संध्याकाळी ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे खोटं लिहीत न्हाईत, मला ठाऊक आहे. तेलाचा चमचा न् चमचा लिहितात. मग चुकतंय कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझं घड्याळ दाजींच्या रिकाम्या मनगटावर बांधलं. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. आम्ही त्याच वाटेनं, तेवढाच वेळ चाललो. घरी येऊन दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली. पावलं जवळजवळ सारखी होती. नाडीचे ठोकेही जुळत होते. कॅलरीचा आकडा मात्र एकावर दुसऱ्याच्या दीडपट होता. माणूस एक, वाट एक, घाम एक.

आमचे आजोबा याच पेठेत एका गूळ अडत दुकानात दिवाणजी होते. शाहू महाराजांनी 1895 साली व्यापारासाठी ही पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ इथून देशभर गेला. आता सौदे मार्केट यार्डात होतात, पण आजोबांच्या गोष्टी घरात राहिल्या. गुळाच्या रव्याचं वजन कधीही नजरेनं सांगायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कितीही जुना शेतकरी असो, कितीही ओळखीचा व्यापारी असो, काट्यावर चढल्याशिवाय वहीत आकडा चढत नसे. दोन घड्याळांकडे बघताना मला तेच आठवलं. हा सहाशेचा आकडा कुठल्या काट्यावर चढला होता?

शाहूपुरीच्या गल्ल्यांतून अजूनही मालाच्या हातगाड्या चालतात. त्यांतली एक ओढणाऱ्या मामांना मी घड्याळ बांधून घ्यायची विनंती केली. साठीच्या घरातले, किडकिडीत, पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. पोती भरलेली गाडी घेऊन ते स्टेशन रोडच्या बाजूनं निघाले आणि मी शेजारून चालत राहिलो. चढ आला तसे ते पुढं वाकले. दोन्ही मुठी दांड्यावर आवळलेल्या, कोपर ताठ, सगळं बळ मांड्यांत आणि कमरेत. गाडी थांबली तेव्हा त्यांची बंडी पिळून काढावी इतकी ओली होती. घड्याळात पाहिलं, तर आम्ही चाललो त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीसुद्धा पावलं नव्हती.

"पाय भरून आले," मामा टॉवेलानं मान पुसत म्हणाले, "आणि हे म्हणतंय, मी चाललोच न्हाई."

घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात हिसके टिपणारं एक इवलंसं यंत्र असतं. चालताना हात झुलतो, तो झोका त्याला कळतो आणि त्याची पावलं होतात. हात दांड्यावर स्थिर राहिला की पावलं गायब. हातात भाजीची जड पिशवी असली तरी हेच. तालमीत पैलवान एकमेकांना मान देऊन रेटत उभे असतात, अंग थरथरत असतं, श्वास भात्यासारखा चालतो, पण मनगट जागचं हलत नाही. ती मेहनत या यंत्राला जवळजवळ दिसत नाही.

त्याच्या जोडीला दुसरा डोळा असतो, घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा. अंधारात घड्याळ सैल करून पाहिलं तर तो चमकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं आणि ओसरतं, तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. त्यावरून नाडी मोजली जाते. प्रकाशानं नाडी टिपण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी 1930 च्या दशकातच ती वापरली होती.

हाताचा झोका आणि नाडीचा ठोका. मुख्यतः या दोन खुणांवर आणि आपण फोनमध्ये भरलेल्या वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष एवढ्या माहितीवर कॅलरीचं सगळं गणित उभं असतं. जळणं मोजणारं असं घड्याळात काहीच नाही. मग माणूस किती जळला हे कुणी कधी खरोखर मोजलंय का?

मोजलंय. त्याची गोष्ट पॅरिसमध्ये, 1782-83 च्या हिवाळ्यात सुरू होते. रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळला ते पाणी तोललं. त्यानं सोडलेला वायू आणि कोळसा जळताना निघणारा वायू यांची तुलना केली आणि श्वास म्हणजे मंद ज्वलनच, हे जगाला सांगितलं. पुढं लाव्हाझिएनं सेगँ नावाच्या सहकाऱ्याला मुखवटा चढवून तो काम करताना किती प्राणवायू ओढतो तेही मोजलं. त्या प्रयोगाचं चित्र त्याची पत्नी मारी-आन हिनं काढलंय, आणि चित्रात टेबलाशी बसून नोंदी करणारी बाई तीच आहे. 1794 च्या मे महिन्यात फ्रेंच राज्यक्रांतीच्या न्यायालयानं लाव्हाझिएला गिलोटिनखाली दिलं.

पण त्यानं दाखवलेली वाट खरी निघाली. एक लिटर प्राणवायू वापरला की शरीरात सुमारे पाच किलोकॅलरी जळतात. आपण रोजच्या बोलण्यात कॅलरी म्हणतो ती हीच किलोकॅलरी. शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस राहील एवढी बंद खोली बांधली. तिच्या भिंतींतून खेळणाऱ्या पाण्यानं माणसाची उष्णता टिपली जाई. माणसं तिच्यात दिवसचे दिवस राहत, खात, झोपत, सायकल मारत. पाकिटांवर छापलेले कॅलरीचे आकडे आजही अ‍ॅटवॉटरच्या हिशेबातूनच येतात.

काटा मिळाला, पण तो खोलीत बंद होता. रंकाळ्यावर चालणारे दाजी किंवा गाडी ओढणारे मामा त्या खोलीत मावत नाहीत. मुखवटा बांधून कुणी पंधरा दिवस दुकान चालवू शकत नाही. माणसाला त्याच्या रोजच्या आयुष्यात मोकळं सोडून त्याचं जळणं तोलायचं कसं, या कोड्याला दीडशेहून अधिक वर्षं उत्तर नव्हतं. ते ज्या तऱ्हेनं सापडलं ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर जागा वाटते, म्हणून इथं थोडा थांबतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आल्फ्रेड नीर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू वेगळे काढून मोजणारं यंत्र बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 1940 साली याच तंत्रानं त्यांनी युरेनियम-235 चा डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा कण वेगळा केला आणि मंद न्यूट्रॉननं फुटतं ते हेच युरेनियम, हे त्यावरून सिद्ध झालं. अणुबाँबच्या वाटेवरचं ते एक पाऊल होतं. युद्ध संपलं. त्याच विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ नेथन लिफसन यांच्यापुढं मात्र वेगळा, अगदी शांत प्रश्न होता. आपण नाकानं जो प्राणवायू आत घेतो, तो पुढं जातो कुठं?

साधं उत्तर कुणीही देईल: आत प्राणवायू, बाहेर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आत गेलेलाच प्राणवायू कार्बनला चिकटून बाहेर पडत असणार. लिफसन यांनी जड प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन-18, खुणेसारखा वापरला. आजोबांच्या पेठेत पोत्यांवर मार्का मारत, तसा हा मार्का मारलेला प्राणवायू. नीर यांच्या यंत्रानं त्याचा माग काढला. 1949 साली लिफसन, नीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे छापलं ते अपेक्षेच्या उलटं होतं. श्वासावाटे आत गेलेला प्राणवायू शरीरात पाणी होऊन बसत होता. आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला प्राणवायू शरीरातल्या पाण्याशी जुळत होता. म्हणजे रक्तातलं पाणी आणि बाहेर जाणारा वायू आपापले प्राणवायूचे अणू सतत अदलाबदल करत होते.

एवढ्यावर थांबले असते तरी तो एक चांगला शोधनिबंध झाला असता. पण लिफसन यांना त्यात काटा दिसला.

कोल्हापूरच्या माणसाला हे जकात नाक्यानं समजेल. समजा एका पेठेतून दोन तऱ्हेचा माल बाहेर जातो. पहिला माल एकाच नाक्यानं जाऊ शकतो. दुसरा माल त्या नाक्यानं जातो आणि आणखी एका नाक्यानंही जातो. तुम्ही नाक्यावर उभे नाही, तुम्हाला फक्त गोदामात रोज काय उरलं ते दिसतं. तरीही दुसरा माल पहिल्यापेक्षा जेवढ्या जास्त वेगानं संपतो, तेवढी त्या दुसऱ्या नाक्यावरची जावक. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे आणि ऑक्सिजन आहे. हायड्रोजन फक्त पाण्याच्या रूपानं बाहेर पडतो: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजन पाण्यातून पडतोच, शिवाय कार्बन डायऑक्साइडमधूनही पडतो. दोन्हींवर मार्का मारलेलं पाणी एकदा पाजा, मग काही दिवसांनी लघवीचा नमुना घ्या आणि कुठला मार्का किती उरला ते बघा. दोघांच्या ओसरण्यातला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड कळला की जळण कळलं.

मुखवटा नको, खोली नको. माणसानं हवं तिथं हिंडावं, गाडी ओढावी, लग्नात नाचावं, आजारी पडावं. पाणी हिशेब ठेवतं.

लिफसन यांनी 1955 साली उंदरांवर ही रीत पारखून दाखवली. माणसांपर्यंत यायला मात्र आणखी सत्तावीस वर्षं लागली. जड प्राणवायू इतका महाग होता की उंदराला पुरेल तेवढा परवडे, माणसाला पुरेल तेवढा नाही. अणू मोजणारी यंत्रं जशी बारकाईनं मोजू लागली तशी लागणारी मात्रा घटली आणि 1982 साली डेल शोलर यांनी ही रीत माणसांवर वापरून दाखवली. काळजीपूर्वक केली तर गटाच्या सरासरीत एक-दोन टक्क्यांच्या आत बसते. मोकळ्या जगण्यासाठी आज जगभर हाच खरा काटा मानतात.

आता घड्याळ या काट्यावर चढवायचं.

एक मोठी तपासणी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली, ती प्रयोगशाळेत आणि श्वासाच्या काट्यावर. हृदयतज्ज्ञ युअन अ‍ॅश्ली यांच्या गटानं 60 स्वयंसेवक घेतले, 29 पुरुष आणि 31 स्त्रिया. बाजारातली सात उपकरणं: अ‍ॅपल वॉच, बेसिस पीक, फिटबिट सर्ज, मायक्रोसॉफ्ट बँड, मिओ अल्फा 2, पल्सऑन आणि सॅमसंग गिअर एस2. प्रत्येकाच्या मनगटांवर एकाच वेळी चार-चारपर्यंत उपकरणं, छातीवर ईसीजीच्या तारा, तोंडावर श्वासाचे वायू मोजणारा मुखवटा. माणसं बसली, चालली, धावली, सायकलवर बसली.

नाडीच्या बाबतीत घड्याळं त्यांना वाटलं होतं त्याहून चांगली निघाली. सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत. मग कॅलरीचे आकडे समोर आले. 2017 च्या मे महिन्यात निबंध छापला, त्यात सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के होती आणि सर्वांत वाईट उपकरणाची 93 टक्के. म्हणजे तुम्ही खरोखर 300 कॅलरी जाळल्या असतील, तर सर्वांत चांगलं घड्याळ 380 दाखवू शकतं किंवा 220. सर्वांत वाईट घड्याळ पावणेसहाशेच्या पुढं जाऊ शकतं. कॅलरीच्या बाबतीत सातांपैकी एकही कामाचं नव्हतं. आणि एक गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी अशी: सावळ्या त्वचेच्या आणि जाड अंगाच्या माणसांत चूक जास्त आढळली.

ही यंत्रं आता जुनी झाली, हे खरं. पण 2020 साली 158 शोधनिबंध एकत्र चाळून पाहिले गेले, तेव्हाही निष्कर्ष हाच होता की कॅलरीच्या बाबतीत कुठल्याही कंपनीचं उपकरण अचूक म्हणता येत नाही.

इथपर्यंत वाचलं आणि मला वाटलं, ताईचं उत्तर मिळालं. घड्याळ आकडा फुगवतं, दाजी त्यावर विसंबून खातात. पण मग जपानमधला निबंध हाती आला. 2016 साली तिथल्या संशोधकांनी 19 निरोगी माणसांना 12 उपकरणं देऊन पंधरा दिवस नेहमीसारखं जगायला सांगितलं आणि दुसरीकडं लिफसन यांच्या पाण्याचा काटा लावला. सगळी बारा उपकरणं कमी दाखवत होती. दिवसाला कुणी सत्तरेक किलोकॅलरीनं कमी, कुणी 590 नं. त्याच उपकरणांसह माणूस बंद खोलीत ठेवला तेव्हा काही कमी दाखवत होती, तर काही दोनशेपर्यंत जास्त.

म्हणजे चूक एका दिशेची नव्हती. एका बाजूला झुकलेला काटा दुरुस्त करता येतो, आजोबांच्या दुकानातही काट्याला पासंग लावून तो सरळ करत. हा काटा आज इकडे आणि उद्या तिकडे झुकतो. मामांच्या मनगटावर तो कमी दाखवतो, दाजींच्या मनगटावर जास्त.

हे का होतं, ते शोधताना मी पुण्यात आणि बेंगळुरूत पोचलो.

बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चात साठ-सत्तर टक्के भाग नुसतं जिवंत राहण्याचा असतो: हृदय, मेंदू, यकृत, श्वास. हा भाग घड्याळ मोजत नाही. वय-वजन-उंचीवरून सूत्रानं काढतं. कोणतं सूत्र, ते बहुतेक कंपन्या उघड करत नाहीत. पण जगातली प्रसिद्ध सूत्रं कुणाच्या अंगावरून बेतली ते माहीत आहे. 1919 चं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र अमेरिकनांवरून. 1985 साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी स्वीकारलेलं स्कोफील्ड सूत्र सात हजारांवर मोजमापांवरून आलं, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी माणसं इटालियन होती, त्यांत सैनिकांचा भरणा मोठा. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात प्रकाश शेट्टी, मारिओ सोअरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय माणसं मोजली, तर ती या सूत्रापेक्षा कमी जाळत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही आहाराच्या शिफारशी ठरवताना हा आकडा आपल्यासाठी पाच टक्क्यांनी खाली धरला.

व्यायामाचा भागही असाच. घड्याळांच्या गणितात 'मेट' नावाचं माप फिरत असतं: स्वस्थ बसलेला माणूस दर मिनिटाला, दर किलोमागं साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरतो, असं ते माप. ते 70 किलो वजनाच्या, चाळीस वर्षांच्या एका पुरुषावरून आलेलं आहे. एका! 2005 साली 769 माणसांवर पडताळलं, तर सरासरी 2.6 भरली.

आणि पुणे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाळांची वजनं-मापं घेतली. आपलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीनचं. स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. 2004 साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटोच छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. त्या फोटोसमोर मी बराच वेळ थांबलो. उंची आणि वजन टाकल्यावर घड्याळाला हे दोघे जवळजवळ सारखेच दिसतील. स्नायू जास्त जाळतात, चरबी कमी, आणि ती वाटणी घड्याळाला ठाऊक नसते.

दाजींचे सहाशे आता मला दिसू लागले. त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. त्या दीड तासात ते घरी पेपर वाचत बसले असते तरी शंभराच्या आसपास कॅलरी गेल्याच असत्या. घड्याळानं त्या चालण्यात धरल्या होत्या आणि वहीत त्या नुसत्या जगण्याच्या खर्चात पुन्हा धरल्या जात होत्या. तीच रक्कम दोनदा.

शेवटची गाठ मात्र घड्याळाची नाही, शरीराची आहे, आणि तिथंच मला सर्वांत मोठा धक्का बसला. हर्मन पाँट्झर हे मानववंशशास्त्रज्ञ लिफसन यांचं पाणी घेऊन टांझानियात गेले, हादझा लोकांकडे. ही माणसं आजही शिकार करतात, कंदमुळं खणतात, रोज मैलोगणती चालतात. 30 जणांना ते पाणी पाजलं. अंगकाठीचा फरक काढून टाकल्यावर हादझा माणूस दिवसभरात खर्च करतो ती ऊर्जा आणि खुर्चीत बसणारा अमेरिकन खर्च करतो ती ऊर्जा सारखीच निघाली. निबंध 2012 साली छापला. पाँट्झर यांचं म्हणणं असं, की शरीर ठरलेल्या अंदाजपत्रकात राहायला धडपडतं; चालण्यावर जास्त गेलं की आत कुठंतरी काटकसर करतं. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण चालून जाळलेल्या कॅलरी नुसत्या बेरजेनं दिवसाच्या खात्यात पडत नाहीत, एवढं पाण्याच्या काट्यानं दाखवून दिलंय.

मी हे सगळं एका रविवारी दाजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं चालणं फुकट गेलं?"

ते ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण या सगळ्या शोधाचा हाच उलटा अर्थ निघण्याची भीती होती. फुकट काहीच गेलं नव्हतं. त्यांची बसल्या जागची नाडी दीड वर्षात खाली आली होती, आणि ती घड्याळानं बरोबर मोजली होती. जिना चढताना दम लागत नव्हता. चालल्यावर स्नायू रक्तातली साखर उचलतात, हे वजनाच्या काट्यावर दिसत नाही पण रक्ताच्या तपासणीत दिसतं. पावलांबद्दलही त्यांच्या मनात दहा हजारांचा धाक होता. तो आकडा 1965 साली जपानमध्ये पाऊलमापक विकताना पुढं आला. 2019 साली अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात रोज 4,400 पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण घटलेलं होतं आणि साडेसात हजारांच्या पुढं वेगळा लाभ दिसत नव्हता.

दाजींनी वही मिटली नाही. जळालेल्या कॅलरींचा रकाना तेवढा काढून टाकला आणि त्या जागी सकाळची नाडी, पावलं आणि आठवड्याचं वजन लिहायला लागले. मिसळ महिन्यातून एकदा, आणि ती घड्याळाला न विचारता.

एक मागणं मात्र माझ्या मनातून जात नाही. मामांनी घड्याळ काढून परत दिलं तेव्हा त्यांच्या मनगटावर घामाचा पांढरा पट्टा उरला होता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माती तुडवणारे, मार्केट यार्डात गुळाचे रवे पाठीवर घेणारे, तालमीत पहाटे जोर मारणारे आणि या सगळ्यांच्या घरात पाणी भरून, भाकरी थापून दिवस काढणाऱ्या बाया, यांची अंगं मोजून सूत्र बांधलं जावं. आपल्याकडे विद्यापीठं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, माणसं स्वतःहून पुढं येतील. कुणीतरी तो पाण्याचा काटा घेऊन या पेठेत यावं.

तोवर, तुमच्या मनगटावर घड्याळ असेल आणि रक्तात साखर असेल, तर नाडी बघा, पावलं बघा, पण कॅलरीच्या आकड्यावरून ताटात काहीही वाढून घेऊ नका. औषधाची गोळी तर त्या आकड्यावरून मुळीच कमीजास्त करू नका.